मासळीखात्यातील लेखणी

स्त्रीने कोणते काम पत्करावे, हा विषय आपल्या मंडळाच्या बैठकीत निघाला म्हणजे शिक्षिका, परिचारिका, डॉक्टर, बँकेतील नोकरी अशी नावे ओळीने पुढे येतात. मासळीच्या धंद्याचे नाव मात्र सहसा कुणाच्या तोंडी येत नाही. आलेच तर, "तो कोळी लोकांचा पिढीजात धंदा, तिथे आपल्या लिहिण्यावाचण्याचा काय उपयोग?" या एका प्रश्नासरशी ते बाजूला पडते. बी. ए. झालेली मुलगी आणि मासळीची टोपली यांचा मेळ आपल्या मनात बसत नाही.

हा समज पुरता खरा नाही. मासा पाण्यातून निघाल्यापासून आपल्या ताटात पडेपर्यंत कितीतरी माणसांची विद्या त्याच्यामागे उभी असते. होडीच्या इंजिनाला यंत्र जाणणारा लागतो, बर्फाच्या कारखान्याला कारागीर लागतो, सहकारी सोसायटीला हिशेबनीस लागतो. कोणता मासा किती वाढला आणि किती उरला, याचे टिपण ठेवायला गणित येणारे माणूस लागते. आणि हे सारे धंद्यातल्या व घरातल्या लोकांना समजेल अशा भाषेत सांगायला कुणीतरी लिहिणारेही लागते. हे शेवटचे काम ऐकायला किरकोळ वाटेल. परंतु त्याच कामावर एका बाईने सोळा वर्षे घर चालविले, आपल्या देशातल्या गृहिणींना मासळी ओळखायला शिकविले, आणि त्याच शिदोरीवर पुढे साऱ्या जगाला जागे केले. त्या बाईचे नाव रेचल कार्सन. कीटकनाशकांविरुद्ध तिने लिहिलेल्या पुस्तकामुळे तिचे नाव आपल्यापैकी अनेकींनी ऐकले असेल. त्याआधी ती सरकारच्या मासळीखात्यात नोकरीला होती, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते. तीच हकीकत येथे सांगावयाची आहे.

रेचलचा जन्म २७ मे १९०७ रोजी अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, स्प्रिंगडेल नावाच्या लहानशा गावी झाला. गाव नदीकाठचे, समुद्र तेथून कितीतरी दूर. वडील फिरून विम्याचे काम करीत. जमिनीचे तुकडे पाडून विकण्याचा त्यांचा बेत होता, पण तो काही साधला नाही आणि घरात पैशाची ओढ कायमचीच राहिली. आई लग्नापूर्वी शिक्षिका होती. धाकट्या लेकीला हाताशी धरून रानातले पक्षी आणि किडे दाखविण्याची तिला हौस. अकराव्या वर्षी रेचलची एक गोष्ट मुलांच्या मासिकात छापून आली आणि आपण लेखिका व्हायचे, असे तिने मनाशी ठरवून टाकले. १९२५ साली ती पिट्सबर्गच्या मुलींच्या कॉलेजात दाखल झाली. फीसाठी आईने सफरचंदे आणि कोंबड्या विकल्या. तेवढ्याने भागेना तेव्हा घरातली चिनी मातीची चांगली भांडीही विकली. मुलीच्या शिक्षणासाठी अंगावरचे मोडणाऱ्या आया आपल्याकडे काय थोड्या झाल्या? त्यांना ही माउली परकी वाटणार नाही.

कॉलेजात रेचल इंग्रजी शिकायला गेली होती. पण मेरी स्किंकर नावाच्या बाई जीवशास्त्र शिकवीत, त्यांच्या तासांना बसून तिचे मन पालटले. १९२८ साली तिने विषय बदलला. कॉलेजातल्या वडीलधाऱ्यांनाही हे रुचले नाही. चांगली लिहिणारी मुलगी, ती विज्ञानाच्या नादी लागून करणार काय? रेचललाही वाटले, की आता लेखणी सुटली. १९२९ साली ती पदवीधर झाली आणि त्या उन्हाळ्यात वुड्स होल येथील समुद्रजीवनाच्या प्रयोगशाळेत काही आठवडे राहिली. वयाच्या बाविसाव्या वर्षी तिने समुद्र प्रथम पाहिला, तो तेथे. १९३२ साली तिने एम. ए. केले. प्रबंधाचा विषय एका माशाच्या पिल्लाच्या मूत्रपिंडाची वाढ हा होता. मासाही कसला, तर आपल्या शिंगाळ्याच्या जातकुळीतला, मिशीवाला. पुढे डॉक्टरेट करण्याचा विचार होता. पण ते जागतिक मंदीचे दिवस. घरी आईवडील आणि बहिणीचे कुटुंब. १९३४ साली तिने अभ्यास सोडला आणि ती नोकरी शोधू लागली. जुलै १९३५ मध्ये वडील वारले.

हातात प्राणिशास्त्राची पदवी आणि जवळजवळ सोडून दिलेले लेखन, याखेरीज तिच्यापाशी काही नव्हते. स्किंकरबाई तोवर सरकारी नोकरीत शिरल्या होत्या. सरकारी परीक्षा दे, आणि वॉशिंग्टनला मासळीखात्यातल्या साहेबांना भेट, असा सल्ला त्यांनीच दिला. ते साहेब एल्मर हिगिन्स. त्यांच्यासमोर त्या वेळी एक अडचण उभी होती. समुद्रातील जीवनावर रेडिओवरून सात सात मिनिटांचे बावन्न कार्यक्रम देण्याचे काम खात्याने अंगावर घेतले होते. खात्यातल्या शास्त्रज्ञांना मासा ठाऊक होता, पण तो सांगता येत नव्हता. बाहेरच्या लेखकांना सांगता येत होते, पण मासा ठाऊक नव्हता. समोर बसलेल्या या मुलीचे एक अक्षरही हिगिन्स यांनी वाचलेले नव्हते. तरी त्यांनी तिला लिहायला सांगितले. आठवड्यातून दोन दिवसांचे हे काम. कचेरीत त्या कार्यक्रमांना थट्टेने सात मिनिटांच्या मासळीकथा म्हणत. पण लोकांना त्या आवडल्या. आपल्या दोन विद्यांपैकी एक टाकावी लागणार, असे जिला वाटत होते, तिला भाकरी मिळाली ती दोन्ही विद्यांच्या सांध्यावर.

यानंतर तिने सरकारी परीक्षा दिली आणि इतर सर्व उमेदवारांपेक्षा अधिक गुण मिळविले. १९३६ साली ती कनिष्ठ जलजीवशास्त्रज्ञ म्हणून खात्यात रुजू झाली. वार्षिक पगार दोन हजार डॉलर. त्या दर्जाची पूर्ण वेळ नोकरी त्या खात्यात मिळविणारी ती दुसरी स्त्री होती. जानेवारी १९३७ मध्ये तिची थोरली बहीण वारली. बहिणीच्या दोन शाळकरी मुली रेचल आणि तिची आई यांच्या पदरात आल्या. घरात चार माणसे आणि मिळवती एकटी. तेव्हापासून दिवसा कचेरी आणि रात्री वर्तमानपत्रांसाठी लेख, असा तिचा क्रम झाला.

या लेखांचे विषय कचेरीच्या कागदपत्रांतूनच निघत. बाल्टिमोरच्या वर्तमानपत्रात १९३६ च्या मार्चमध्ये आलेला तिचा एक लेख शॅड नावाच्या माशावर होता. हा बंगाल्यांच्या हिलशाचा भाऊबंद. समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला वसंतात नदीत चढतो. चेसापीक उपसागराच्या कोळ्यांचे एके काळी त्याच्यावर पोट भरत असे. पण जाळी वाढली, नद्यांवर बांध पडले, कारखान्यांची घाण पाण्यात उतरली आणि शॅड ओसरला. खात्याच्या अहवालांत हे सारे आकड्यांनी मांडलेले होते. रेचलने ते गोष्टीसारखे सांगितले, आणि तरी आकडा सोडला नाही. लेखाखाली सही असे ती आर. एल. कार्सन. लिहिणारी बाई आहे, हे त्यावरून कळत नसे. माशांविषयी अधिकाराने लिहायचे तर बाईचे नाव न दिसलेले बरे, असा तो काळ होता.

याच सुमारास खात्याच्या एका पुस्तिकेसाठी तिने समुद्रावर प्रास्ताविक लिहून दिले. हिगिन्स यांनी ते वाचले आणि आमच्या पुस्तिकेला हे चालणार नाही, हे एखाद्या मोठ्या मासिकाकडे पाठवा, असे सुचविले. सप्टेंबर १९३७ मध्ये ते 'अटलांटिक मन्थली'त प्रसिद्ध झाले. साहेबाने हाताखालच्या माणसाचे काम नाकारावे आणि त्या नाकारण्यात त्याचे भले व्हावे, असे प्रसंग थोडेच. त्या लेखातूनच तिचे पहिले पुस्तक 'अंडर द सी-विंड' निर्माण झाले. ते १९४१ च्या नोव्हेंबरात निघाले आणि डिसेंबरात पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले. युद्धाच्या गडबडीत पुस्तकाकडे कोण पाहणार? त्याच्या दोन हजार प्रतीही खपल्या नाहीत.

पण आपल्या दृष्टीने रेचलचे महत्त्वाचे काम या युद्धकाळातच झाले. १९४० साली मासळीखाते आणि वन्यप्राण्यांचे खाते एकत्र करण्यात आले होते. १९४३ साली अमेरिकेत मांसावर शिधापत्रिका आली. डब्यातल्या मासळीवरही आली. ताजी मासळी मात्र मोकळी होती. तेव्हा घरोघरच्या स्त्रियांनी मासळी अधिक वापरावी, असे सरकारला वाटू लागले. अडचण अशी, की बाजारात जाणारी बाई चार ठरावीक मासे मागे आणि घरी येई. त्या चार माशांवर जाळ्यांचा सारा भार पडे, आणि जाळ्यात सापडलेले बाकीचे चांगले मासे केवळ नाव ठाऊक नाही म्हणून कवडीमोलाने जात, नाहीतर पुन्हा पाण्यात फेकले जात. यावर उपाय म्हणून १९४३ ते १९४५ या काळात रेचलने चार पुस्तिका लिहिल्या: एक न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावरील मासळीवर, एक मध्य-पश्चिमेकडील नद्या-सरोवरांतील मासळीवर, एक दक्षिण अटलांटिक व आखाताच्या किनाऱ्यावर आणि एक मध्य अटलांटिक किनाऱ्यावर.

या पुस्तिकांची रीत साधी होती. हा मासा कोठे राहतो, काय खातो, कोणत्या दिवसांत येतो, कसा पकडतात, त्यात पोषण किती, आणि तो घरी कसा वापरावा. एखादी नवी शेजारीण राहायला आली म्हणजे जुन्या बिऱ्हाडकरणीने तिची चार जणींशी ओळख करून द्यावी, त्या रीतीने रेचलने मासे स्वयंपाकघरात आणून सोडले. न्यू इंग्लंडमध्ये रोझफिश नावाचा एक तांबडा मासा होता. हॅडॉक आणि कॉड यांच्या जाळ्यात तो आला तर पूर्वी फेकून देत. काटे काढून त्याचे तुकडे गोठवून विकण्याची युक्ती १९३० नंतरच्या दशकात निघाली आणि टाकाऊ मासा बाजारात मानाने बसला. अशा उदाहरणांनी लोकांची समजूत पटे. त्या काळी सरकारी मासळीखात्यात गृहशास्त्र शिकलेल्या स्त्रियाही होत्या. त्या पाककृती करून पाहत, चाखत आणि मग छापायला देत. आपल्या घरात रोज घडणारे हे काम. ते मापून, टिपून, जबाबदारीने केले म्हणजे त्यालाच खात्यात पगार आणि पद मिळाले.

युद्ध संपल्यावर रेचल खात्याच्या प्रकाशनविभागात चढत गेली आणि १९४९ साली मुख्य संपादक झाली. पद मोठे असले तरी काम रोजचेच. शास्त्रज्ञांचे अहवाल वाचावयाचे, वाक्ये सरळ करावयाची, आकडे ताडून पाहावयाचे, छापखान्याचा खर्च धरावयाचा, चित्रकाराला माशाचा पर कोठून निघतो ते सांगावयाचे, आणि वरिष्ठांची भाषणे लिहून द्यावयाची. हाताखाली लहानशी तुकडी. तीत शर्ली ब्रिग्ज ही चित्रकार मैत्रीण होती आणि बॉब हाइन्स हे चित्रकारही होते. चित्रकलेची विद्याही अशी मासळीच्या कामी आली. रेचल भाषेच्या बाबतीत करडी होती. ढिसाळ वाक्य तिच्या टेबलावरून पुढे जात नसे. आपला अहवाल कोळ्याला, आमदाराला आणि गृहिणीला सारखाच कळला पाहिजे, नाहीतर तो लिहून उपयोग काय, ही दृष्टी त्यामागे होती.

इतकी वर्षे मासळीवर लिहिले, पण खोल समुद्रातल्या जाळ्यापाशी ती कधी गेली नव्हती. खात्याची 'अल्बट्रॉस तिसरी' ही संशोधन-बोट जॉर्जेस बँक या प्रसिद्ध मासेमारीच्या जागी मोजणीला जात असे. रेचलने जाण्याची परवानगी मागितली. त्या बोटीवर आजवर एकही बाई गेली नव्हती. पन्नासएक पुरुषांत एकटी बाई कशी पाठवावी, हा कचेरीपुढे पेच पडला. शेवटी तोडगा निघाला. एक बाई चालणार नाही. दोन असतील तर चालेल! मग तिची साहित्यविषयक कामे पाहणारी मेरी रोडेल सोबतीला आली आणि १९४९ च्या जुलैत दोघी सुमारे दहा दिवस समुद्रावर राहिल्या. रात्री-अपरात्री जाळे ओढणाऱ्या यंत्राची घरघर, धुके, डेकवर ओतलेली मासळीची रास, आणि त्यातला मासा न् मासा मोजणारे, मापणारे लोक, हे सारे तिने डोळ्यांनी पाहिले. सोबतीच्या अटीची ही गोष्ट वाचून आपल्याला हसू येईल, पण "बरोबर कोण आहे?" हा प्रश्न आपल्यापैकी किती जणींनी ऐकला आहे, ते आपल्यालाच ठाऊक.

१९५१ साली तिचे 'द सी अराउंड अस' प्रसिद्ध झाले आणि अतोनात खपले. १९५२ साली तिने नोकरीचा राजीनामा दिला. त्यानंतर पुरी दहा वर्षे गेली आणि १९६२ च्या सप्टेंबरात 'सायलेंट स्प्रिंग' आले. शेतांवर आणि जंगलांवर बेसुमार फवारलेल्या डी. डी. टी. सारख्या विषांनी पक्षी, मासे आणि माणसे यांचे काय होते, ते तिने त्यात दाखविले. त्या पुस्तकात कॅनडातील मिरामिची नदीची हकीकत आहे. १९५४ साली झाडांवरची कीड मारण्यासाठी तेथील जंगलावर विमानांतून डी. डी. टी. फवारण्यात आले आणि नदीतील सामन माशांची पिल्ले मेली. हे सिद्ध करता आले, कारण मासळीचे शास्त्रज्ञ त्याआधीच काही वर्षे त्या नदीतील माशांची मोजणी करीत होते. पूर्वीची वही होती म्हणून आजचे नुकसान दाखविता आले. अशा वह्या कोठे असतात आणि त्या कशा वाचाव्यात, हे रेचल मासळीखात्यात शिकली होती. रसायनांच्या कारखानदारांनी तिच्यावर खूप टीका केली. पण १९६३ साली अमेरिकेच्या अध्यक्षांच्या विज्ञान-सल्लागार समितीने या विषांच्या धोक्याविषयी जो अहवाल दिला, त्याने तिच्या म्हणण्याला मोठी पुष्टी मिळाली. ती तोवर कर्करोगाने खंगली होती. १४ एप्रिल १९६४ रोजी, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, ती गेली. अखेरच्या वर्षांत भाचीच्या अनाथ मुलालाही ती सांभाळीत होती.

या चरित्रातील एक गोष्ट झाकून ठेवणे बरोबर होणार नाही. ज्या तांबड्या रोझफिशचे बाजारात स्वागत झाले, त्याचीही पुढे इतकी पकड झाली, की तोही रोडावला. एका माशावरचा भार दुसऱ्यावर टाकला एवढ्याने समुद्राचे भागत नाही. दुसऱ्याचीही मोजणी ठेवावी लागते. लिहिणाऱ्याच्या शब्दाने बाजार हलतो, म्हणून त्याची जबाबदारीही मोठी असते.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. मुंबईत १९६१ साली मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्था निघाली आणि रत्नागिरीस १९८१ साली मत्स्यमहाविद्यालय सुरू झाले. तेव्हा या विषयाचे शिक्षण आपल्या दाराशी आहे. पण रेचलची हकीकत वाचून मला वाटते ते असे, की मासळीची पदवी नसली तरी हरकत नाही. जी मुलगी वाणिज्य शिकली आहे तिने कोळ्यांच्या सहकारी सोसायटीचे हिशेब चोख ठेवावेत. जी गृहशास्त्र शिकली आहे तिने सुकी मासळी स्वच्छ कशी वाळवावी, बांधावी आणि टिकवावी, हे पाहावे. जिला लिहिता येते तिने बंदरावर जाऊन बसावे आणि तेथील बायांचे ऐकावे. तोंडी हिशेबात आणि मासळीच्या पारखीत त्या कोळणींचा हात आपल्यापैकी कुणी धरणार नाही. आपली विद्या तेथे न्यावयाची ती त्यांना शहाणपण शिकवायला नव्हे. त्यांच्या शहाणपणाला कागद आणि आकडा मिळवून द्यायला.

आणि जिला नोकरी करावयाची नाही, तिलाही या गोष्टीतून घेण्यासारखे आहे. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली पापलेटाला राज्यमासा म्हणून मान दिला. मान दिला खरा, पण तो मासा कमी होत चालल्याची काळजीही त्यामागे आहे. आपण बाजारात जातो आणि पापलेट, सुरमई, हलवा हीच नावे घेतो; तळहाताएवढे पापलेट स्वस्त मिळाले म्हणून आनंदाने पिशवीत घालतो. त्याला वाढू दिले असते तर त्याने अंडी घातली असती, हा विचार मनात येत नाही. शेजारच्या टोपलीत तारली असते, ढोमी असते, राणीमासा असतो. त्यांच्याकडे आपण पाहतही नाही. ऐंशी वर्षांपूर्वी अमेरिकेतील गृहिणीला रेचल जे सांगत होती, तेच आज आपल्याला कुणीतरी सांगावयास हवे आहे.

पुढच्या वर्षी मंडळाच्या पाककृतीच्या स्पर्धेत एक बक्षीस अशा दुर्लक्षित मासळीच्या पदार्थाला ठेवावे, अशी माझी सूचना आहे. परीक्षक म्हणून बंदरावरच्या एखाद्या जाणत्या कोळीणबाईंना मानाने बोलवावे. पदार्थाबरोबर त्या माशाची चार ओळींची माहितीही लिहून द्यावी, असा नियम करावा. त्या चार ओळी लिहिताना आपल्यातल्या एखाद्या मुलीला आपल्या लेखणीचा नवा उपयोग सापडला, तर या लेखाचे सार्थक झाले, असे मी मानीन.